टेपवरचे गुरुजी

"आता यजमानांनी उजव्या हातात पाणी घ्यावे," टेपमधले गुरुजी म्हणाले.

आमच्या ह्यांनी घेतलं.

"आणि ताम्हनात सोडावे."

ह्यांनी सोडलं. मग गुरुजी संस्कृतात शिरले, तरी ह्यांचा हात तसाच ताम्हनावर. अंगावर लग्नातला रेशमी कद, कपाळावर घाम आणि डोळे टेपरेकॉर्डरवर.

"अहो, हात खाली घ्या की," मी म्हटलं.

"सांगितलं नाही अजून," हे म्हणाले.

आमचे हे असेच. कराडात पेठेत आमचं 'खटावकर टेलर्स' होतं, आणि गिऱ्हाईक सांगेल तसं कापायचं हा ह्यांचा धर्म. एकदा एकानं बोलता बोलता सदऱ्याचा खिसा उजवीकडं सांगितला, तर ह्यांनी उजवीकडं लावून दिला. तो भांडायला आला तेव्हा हे म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं. त्यात ह्यांची चूक नव्हती, पण गिऱ्हाईक गेलं.

ही गोष्ट आहे आमच्या घरी पहिल्यांदा गणपती बसला त्या दिवसाची. खटावकरांचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या विट्याला, थोरल्या दिरांकडं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. भाऊ कितीही असोत, चुली कितीही होवोत, गणपती एकच, असा आमच्यात रिवाज. त्या वैशाखात सासूबाई विट्याहून एक ट्रंक घेऊन आमच्याकडं आल्या आणि म्हणाल्या, मी आता इथंच राहणार. का ते सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, तुला जड झाले का.

मागोमाग अण्णा आले. अण्णा म्हणजे आरती चालू असताना दुसऱ्याची चाल सुधारणारा माणूस. मला वाटलं, आता हे घर डोक्यावर घेतील. पण ते बाहेरच्या खोलीत मान खाली घालून बसले आणि सासूबाईंनी, "मी जिथं, तिथं गणपती," असं म्हटल्यावर एवढंच बोलले, "हरीला जमलं तर राहू दे इथंच. काही विघ्न आलं, तर मात्र पुढल्या वर्षी परत विट्याला."

"आणि गणपती जाईल तिथं मी," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे आमच्या ह्यांच्या हातून पूजा नीट पार पडली तर सासूबाई आमच्याकडं, नाहीतर विट्याला. सगळं ह्यांच्या पूजेवर.

आता सासूबाईंचं आणि माझं कसं होतं तेही सांगते. सकाळी चहाच्या साखरेवरून सुरू व्हायचं ते रात्री अंथरुणाच्या सुरकुत्यांपर्यंत. माझ्या हातची आमटी त्यांना कधी आवडली नाही, आणि कधी वाटीत उरलीही नाही. वाळत घातलेले कपडे मी घडी करून ठेवायचे, सासूबाई त्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. मी मोठ्यानं बोलायचे, त्या माझ्यापेक्षा मोठ्यानं. पेठेतल्या बायका खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. त्या विट्याला गेल्या असत्या तर चार दिवस मी पाय पसरून बसले असते, एवढं मला तेव्हा नक्की वाटत होतं.

चतुर्थीच्या सकाळी गुरुजींचा निरोप आला की घरं फार झालीत, दुपारी चारशिवाय जमणार नाही. अण्णा तर दुपारच्या एस.टी.नं जेवायला येणार होते. मग शेजारचे बोकीलकाका धावून आले. काका कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त झाले तरी कोर्ट त्यांच्या बोलण्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांच्या जावयानं मस्कतहून एक भलामोठा टेपरेकॉर्डर आणला होता. ह्यांनी बाजारातून पूजेची कॅसेट आणली. काकांनी ती घातली, बटण दाबलं आणि सांगितलं, "हरिभाऊ, फक्त ऐकायचं आणि करायचं. ह्या यंत्राला तर हातही लावावा लागत नाही." आणि ते पेपर वाचायला घरी गेले.

पूजा खरंच छान चालली होती. टेपवरच्या गुरुजींचा आवाज भरदार होता. ते आधी मराठीत सांगत, काय करायचं, आणि मग मंत्र म्हणत. सासूबाई सोवळ्यात आत मोदक करत होत्या, मी ह्यांच्या बाजूला बसून लागेल ते पुढं करत होते. प्राणप्रतिष्ठेला गुरुजींनी दूर्वा तुपात बुडवून मूर्तीच्या डोळ्यांना लावायला सांगितल्या, मग मूर्तीच्या छातीवर हात ठेवायला सांगितला, आणि मंत्र सुरू झाला. आदल्या संध्याकाळी कुंभाराकडनं रुमालाखाली झाकून आणलेली ती मातीची मूर्ती. मंत्र संपला की ती मूर्ती राहत नाही, घरात पाहुणा आला असं समजायचं. मग त्याला जागचा हलवायचा नाही, एकटं सोडायचं नाही, त्याच्या आधी घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही. मी लहानपणापासून हे बघत आलेय, तरी ह्यांचा हात मूर्तीच्या छातीवर बघून मला भरून आलं. आतून सासूबाईंनी हात जोडल्याचा बांगड्यांचा आवाज आला.

मग अभिषेक झाला, फुलं झाली, धूप-दीप झाला. आणि नेमकं त्याच वेळी चौकातल्या मंडळाचा लाऊडस्पीकर सुरू झाला. त्या गदारोळात टेप काय बोलतोय ते ऐकूच येईना. हे पुढं वाकून, जवळजवळ टेपला कान लावून बसले. थोड्या वेळानं मंडळवाल्यांची वायर निघाली असावी, कारण आवाज बंद झाला आणि आमचे गुरुजी पुन्हा ऐकू आले.

"आता देवाच्या हातावर दही ठेवावे," ते म्हणत होते.

"दही आण," हे म्हणाले.

"पंचामृत झालं की मघाशी."

"ते पंचामृतात होतं. आता हातावर सांगितलंय."

मी दही आणलं. गणपतीच्या इवल्याशा तळहातावर चमच्यानं ठेवलं. एक थेंब ओघळून कोपरापर्यंत गेला.

"आता हातात अक्षता घेऊन देवावर वाहाव्यात."

वाहिल्या. गुरुजी जरा लांबलचक आणि जरा उदास काहीतरी म्हणाले. ह्यांनी मान डोलावली.

"आता मूर्ती जागेवरून किंचित सरकवावी."

ह्यांनी किंचित सरकवली. सरकवून माझ्याकडं पाहिलं, बरोबर ना अशा अर्थानं. मी म्हटलं असेल काहीतरी पद्धत, मागच्या भिंतीला मुकुट लागत असेल. खरंच सांगते, सकाळपासून माणूस दुसऱ्याचं ऐकत बसला की त्याचं डोकं बंद पडतं. माझंही पडलं होतं, आणि माझं तसं सहसा पडत नाही.

"आता मूर्ती दोन्ही हातांनी उचलून, वाजतगाजत, जलाशयाकडे न्यावी."

हे उठले. कद सावरला, गणपती दोन्ही हातांनी उचलला आणि मला म्हणाले, "झांजा कुठायत? वाजतगाजत सांगितलंय."

मी झांजा आणायला वळलेसुद्धा. तेवढ्यात सासूबाई मोदकाची चाळण हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हे गणपती घेऊन उंबऱ्यापाशी पोचले होते.

"कुठं निघालास रे?" त्यांनी विचारलं.

"विहिरीवर," हे म्हणाले. "गुरुजींनी सांगितलंय."

चाळणीतले मोदक वाफाळत होते. सासूबाई ह्यांच्याकडं बघत राहिल्या, मग टेपकडं, मग गणपतीच्या हातावरच्या दह्याकडं. "ठेव त्याला खाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. सासूबाई हळू बोलल्या म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

ह्यांनी मूर्ती पाटावर ठेवली. बोकीलकाका त्याच वेळी हात चोळत आत आले. "काय, झाली का सुरळीत?" त्यांनी टेपमध्ये वाकून पाहिलं, कॅसेट बाहेर काढली, चष्मा वर केला. "हरिभाऊ, ही बाजू ब आहे."

"मग?"

"बाजू अ प्रतिष्ठापना. बाजू ब विसर्जन. यंत्र आपोआप बाजू बदलतं. मी म्हटलं नव्हतं का, हात लावावा लागत नाही?" म्हणताना त्यांना यंत्राचं कौतुक आवरलं नाही. मग सगळ्यांची तोंडं बघून ते गप्प झाले.

गणपती बसला आणि चहा थंड व्हायच्या आत त्याला निरोप दिला, असं खटावकरांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल.

"पण माझ्या मनात नव्हतं काका," हे म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "मी फक्त ते सांगतील तसं करत होतो."

"हेतू नसला तरी हुकूम तो हुकूम," काका म्हणाले. "चुकून सही झाली तरी रद्द होईपर्यंत अंमल चालू. मंत्राचंही तसंच. शब्द उच्चारले, क्रिया घडली, मूर्ती हलली. देव गेले असंच धरावं लागेल."

"मग मन नसताना म्हटलेल्या मंत्रानं तो आला तरी होता कशावरून?" मी विचारलं. "हे तर सारखं टेपकडं बघत होते."

काकांना हा मुद्दा पटला. "म्हणजे आलेच नाहीत, सबब गेलेही नाहीत," ते म्हणाले. "ही बाजूही मांडता येईल."

"मग त्या पाटावर कोण बसलंय सकाळपासनं?" सासूबाईंनी विचारलं. "तुमचा जावई?"

काका म्हणाले, तज्ज्ञाचं मत घ्यावं. हे कदावरच सायकल काढून गुरुजींना शोधायला गेले. गुरुजी सापडले ते एका पेढेवाल्याच्या घरी, भर पूजेत. मंत्र तोडता येत नाही म्हणून त्यांनी ह्यांना मंत्रांच्या मधल्या जागेत, त्याच चालीत प्रश्न विचारले. मूर्ती हलली का? हलली. उचलली का? उंबऱ्यापर्यंत नेली. मग गुरुजींनी शंख वाजवला, आणि शंख खाली ठेवून म्हणाले, "मग गेले."

"परत येतील ना?" ह्यांनी विचारलं.

"न यायला काय झालं? मंत्र म्हणजे हाक हो. हाक मारली की येतात, निरोप दिला की जातात. त्यांना मानापमान नाही, तो आपल्याला. मी चारला येतो, पुन्हा प्रतिष्ठा करू. तोवर नैवेद्य दाखवू नका."

ह्यांनी घामाघूम होऊन येऊन हे सगळं सांगितलं. म्हणजे चार वाजेपर्यंत नैवेद्य नाही, आणि नैवेद्य नाही तर जेवण नाही. अण्णा येणार भुकेले, विचारणार की पान का वाढलं नाही, आणि आमच्या ह्यांना तर खोटं बोलता येत नाही.

मी आत गेले तर सासूबाई ट्रंक उघडून बसल्या होत्या. लुगड्यांच्या घड्या एकावर एक रचत होत्या.

"हे काय चाललंय?"

"गणपती गेला. आता पुढल्या वर्षी विट्याला. मीपण त्याच्या मागनं."

"पुढल्या वर्षी ना? मग आज कशाला भरताय?"

"आज भरली म्हणून काय घड्या मोडत्यात?"

एरवी मी ह्यावर चार शब्द सुनावले असते. पण ते हिरवं इरकली लुगडं ट्रंकेत जाताना पाहिलं आणि मी दारातच थांबले. मला वाटायचं त्या गेल्या तर घर शांत होईल. ते शांत घर मला डोळ्यांसमोर दिसलं, आणि अजिबात आवडलं नाही. मी त्या घरात काय करणार होते? ह्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता, ते सगळ्याला हो म्हणत.

"अण्णांना कळलं तर ना," मी म्हटलं. "कुणी काही सांगायचं नाही. चारपर्यंत मी त्यांना बोलण्यात गुंतवते."

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "तू तोंड उघडलंस की सगळ्या पेठेला कळतंय."

"मग तुम्ही गुंतवा."

"मी त्याच्याशी बोलत न्हाई."

"आज बोला."

"का बोलू?"

असं आमचं चाललं असतानाच अण्णा आले.

उंच, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात केळीच्या पानांची गुंडाळी. त्यांनी पाय धुतले आणि थेट गणपतीसमोर गेले. बोकीलकाका मदत म्हणून पाटासमोर आडवे उभे राहिले.

"अत्यंत विधियुक्त पूजा झाली," काका म्हणाले. "प्रत्येक क्रिया. एकही सुटली नाही. उलट काही जास्तच झाल्या."

"बाजूला होता का जरा?" अण्णा म्हणाले.

काका सरकले. अण्णांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले. मग ते वाकून बघायला लागले. इतक्या गोंधळात आमच्यापैकी कुणालाही एक गोष्ट सुचली नव्हती.

"हातावर दही का आहे?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, "चहा टाकू का?"

"पहिल्या दिवशी हातावर दही? हरी?"

आमच्या ह्यांना कुणी प्रश्न विचारला की ते उत्तर देतात. "टेपवाल्या गुरुजींनी सांगितलं," ते म्हणाले. आणि मग सरकवलं तेही सांगितलं, उचलला तेही, उंबरा, विहीर, झांजा, पेढेवाल्याकडचा शंख, सगळं. झांजा मी आणणार होते हेही सांगितलं. तेवढं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

मी पदर खोचला. अण्णा आता काय बोलतील, त्यावर मी काय बोलायचं, ते मनात जुळवलं. मनात म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं, पण म्हातारीला मी सोडत नाही. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, पाठीमागं ट्रंक उघडीच.

अण्णा खाली बसले. पाटावर नाही, चटईवरही नाही, नुसत्या फरशीवर. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हसायला लागले. मोठ्यानं नाही, नुसते खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ते आता हसत नाहीत.

"अण्णा," हे घाबरून म्हणाले, "पाणी आणू?"

"माझ्याकडं गेल्या वर्षी हेच झालं रे," अण्णा म्हणाले.



"पोथीवरनं पूजा करतो मी. आजोबांची पोथी, पानं सुटी. मला घाम आला म्हणून बायकोनं पंखा लावला. पानं उडाली. गोळा केली, वाचत गेलो. मला कुठं संस्कृत कळतंय? आवाज चढवून म्हणायचं एवढंच येतंय. अक्षता वाहिल्या, मूर्ती सरकवली. सगळं झाल्यावर पानं लावायला घेतली, तेव्हा दिसलं की मधनंच निरोपाचं पान वाचलं होतं."

"मग काय केलंस?" सासूबाईंनी विचारलं. चार महिन्यांत त्या अण्णांशी पहिल्यांदा बोलल्या.

"काय करणार? तोंड उघडायला लाज वाटली. सगळ्यांना शिकवणारा मी. दहा दिवस रिकाम्या मूर्तीची आरती केली. आणि त्यानंतर तू गप्प गप्प राहायला लागलीस. चैतापर्यंत जेवण निम्म्यावर आलं तुझं. वैशाखात उठून निघून आलीस. मी समजलो. देव गेला त्याच्या मागनं आई गेली. म्हणून तुला अडवलं नाही मी. कोणत्या तोंडानं अडवू?"

एवढा मोठा माणूस, मांडीवरची टोपी हातानं चुरगाळत होता. मी त्यांच्यासाठी मनात जुळवलेलं सगळं विसरले. आणि मला त्यांची इतकी दया आली की चुलीवर आमटी करपतेय हेही कळलं नाही.

सासूबाई पुढं आल्या. "रिकामी मूर्ती?" त्या म्हणाल्या. "दहाच्या दहा दिवस दुपारी मी त्याच्याम्होरं बसत होते. तुझ्या बायकोच्या पांचट चहाबद्दल सांगत होते, माझ्या गुडघ्याबद्दल सांगत होते. ऐकत होता की. गेला असता तर मला कळलं नसतं? बोलताना समोर माणूस हाय का न्हाई ते आंधळ्यालाबी कळतंय."

"मग मघाशी ट्रंक कशाला भरत होतात?" मी विचारलं.

"तुझं तोंड बघायला," सासूबाई म्हणाल्या.

मी मघाशी खोचलेला पदर सोडला.

"पण मग तू गेलीस का, आई?" अण्णांनी विचारलं.

पदराच्या टोकानं सासूबाईंनी गणपतीच्या तळहातावरचं दही पुसलं, कोपरावरचा ओघळ पुसला आणि मूर्ती सरकवून पाटाच्या मधोमध आणली.

"तुझ्या घरात मला कुणी उलटून बोलत न्हाई रे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, भाजी खारट. तुझी बायको म्हणायची, हो आई. मी म्हणायचे, आज भाजी अळणी. हो आई. भाजी तीच असायची. तू म्हणायचास, आईला दुखवू नका. नातवंडं मला बघून आवाज बारीक करायची. समईसारखं कोपऱ्यात ठेवलं होतं मला, रोज पुसून. मी त्या गणपतीशी बोलत बसायचे ते का? त्याला तर हो आई म्हणता येत न्हाई. आणि इथं ही बघ." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "सकाळी डोळा उघडल्यापासनं भांडती माझ्याशी. माझ्या बोलण्याला काहीतरी किंमत हाय असं वाटतं."

मी खाली बघितलं. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, पण वर बघता येईना.

"पान वाढ नैवेद्याचं," सासूबाई मला म्हणाल्या.

"गुरुजींनी चारपर्यंत नको सांगितलंय," हे म्हणाले.

"चारला गुरुजी येतील, त्यांचं ते करतील. त्यांना नको कोण म्हणतंय? तोवर घरी आलेल्याला उपाशी ठेवायचा?" त्यांनी गणपतीसमोर पान ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, आणि मला बोलवायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "जेव रे बाबा. सकाळपासनं लई फिरवला तुला."

बोकीलकाका हळूच म्हणाले, हा अंतरिम आदेश समजायला हरकत नाही. मग तेही पंक्तीला बसले.

सगळे जेवायला बसले. अण्णांनी पहिला घास घेतला, आमटीचा भुरका मारला आणि थांबले. आमटी तर माझी करपलेली. ते सासूबाईंकडं चोरून बघत होते. जन्मात आईपुढं कधी तोंड न उघडलेला माणूस, कपाळावर घाम आला होता त्यांच्या. मग त्यांनी घसा साफ केला.

"आई," ते म्हणाले, "मोदकाची पारी जाड झालीय."

ह्यांचा हात तोंडाशी थांबला. काकांनी वाटी खाली ठेवली. मोदक सासूबाईंचे होते, आणि त्यांच्या मोदकांना आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"जाड?" सासूबाई म्हणाल्या.

"जाड," अण्णा म्हणाले. "आणि आत गूळ कमी."

"दात पडलेत तुझे, म्हणून जाड लागती."

"दात शाबूत आहेत माझे. पारीच जाड आहे."

सासूबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. इतका वेळ पाहिलं की अण्णांनी नजर खाली घेतली, आणि पुन्हा वर केली. मग सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला, की मला त्यांचा रागच आला.

"हरी," त्या म्हणाल्या, "पुढल्या वर्षी गणपती विट्याला बसू दे. थोरल्याला बोलायला यायला लागलंय. मी जाऊन बघते."

मी तूप वाढत होते. तुपाचं भांडं मी तिथंच खाली आपटलं.

"गणपती विट्याला बसवा, नाहीतर काशीला बसवा," मी म्हटलं. "तुम्ही इथनं कुठं जाताय ते मी बघते. चार महिने मी माझा घसा कुणासाठी फोडला? अण्णांनी आज एकदा मोदकाला नाव ठेवलं की लगेच चालल्या. ट्रंक मी माळ्यावर टाकणार आहे आणि शिडी काकांकडं देणार आहे. दहा दिवस जा विट्याला, आरत्या म्हणा, आणि गणपती पाण्यात गेला की त्याच एस.टी.नं परत. नाही आलात तर मी येईन तिथं, आणि विट्याच्या बाजारपेठेत उभी राहून बोलेन."

हे पानात तोंड घालून बसले.

सासूबाई अण्णांकडं वळल्या.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "ह्याला म्हणायचं हाक मारणं."